वॉर्डात शब्दांची किंमत सात टक्के नसते

‘संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५.’ इनचार्ज सिस्टर, सुपरवायझर, विभागप्रमुख यांच्या प्रशिक्षणात ही स्लाइड हमखास असते, नंतर ती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत राहते. मिरजेत बरीच वर्षं वॉर्ड सांभाळल्यावर मी एवढं नक्की सांगते, की आमच्या कामात हा समज धोक्याचा आहे.

‘हे संशोधनाने सिद्ध झालंय.’ संशोधन खरं, पण अर्थ भलताच लावलाय. अल्बर्ट मेहरेबियन या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञाचे ते १९६७ सालचे दोन अभ्यास. लोकांना सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले, एकात सोबत चेहऱ्यांचे फोटोही दाखवले, आणि बोलणाऱ्याच्या मनात समोरच्याबद्दल आवड आहे की नावड, एवढंच विचारलं. दोन्हींची सांगड घालून हे आकडे निघाले. भावना आणि आवडीनिवडीच्या बोलण्यापलीकडे हे सूत्र लागू नाही, असं खुद्द मेहरेबियन यांनीच स्पष्ट केलंय.

आमच्याकडे कर्नाटकातून खूप पेशंट येतात. शब्द ७ टक्केच असते तर कानडी न येणाऱ्या सिस्टरलाही जवळजवळ सगळं कळलं असतं. कुठे दुखतंय ते हाताने दाखवता येतं. कधीपासून दुखतंय, सकाळी कुठली गोळी घेतली, हे कसं दाखवणार?

‘म्हणून मॅनेजरांना आधी देहबोली शिकवा.’ रात्री दोन वाजता फोनवर डॉक्टर सांगतात, ‘इन्सुलिन फिफ्टीन द्या.’ लाइन खरखरतेय. फिफ्टीन की फिफ्टी? चेहरा दिसत नाही, आवाज झोपाळलेला. सिस्टरने लिहून घ्यायचं आणि परत वाचायचं, ‘पंधरा युनिट, एक-पाच, बरोबर ना सर?’ नव्या मुलीला ही सवय इनचार्जच लावते. डॉक्टर ‘एकदा सांगितलं ना!’ म्हणून खेकसले, तर तिच्या पाठीशी इनचार्जनेच उभं राहायचं असतं. आणि डॉक्टरांशी ते कसं बोलायचं, हे तिला कोणी शिकवलेलंच नसतं!

‘शब्द घोटवून काय फरक पडतो?’ मोजलाय तो. अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ रुग्णालयांच्या बालरोग विभागांत निवासी डॉक्टरांना ठरलेल्या क्रमाने हँडओव्हर, म्हणजे ड्यूटी बदलताना पुढच्याला पेशंटची माहिती, द्यायला शिकवलं. २०१४ साली निष्कर्ष आले: १०,७४० दाखल रुग्णांच्या नोंदींत वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्यासारखी इजा ३० टक्क्यांनी कमी. हँडओव्हरचा वेळही फारसा वाढला नाही.

सूर आणि चेहरा महत्त्वाचे आहेतच. मोबाइलमध्ये बघत ‘काळजी करू नका’ म्हटलं तर कुठल्या आईला धीर येईल? पण धीर दिल्यावर तिला डोस नीट सांगावाच लागतो.

पुढच्या प्रशिक्षणात ती स्लाइड आली, तर दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवायला सांगा. एकीने एका पेशंटचा हँडओव्हर द्यायचा, दुसरीने तो परत म्हणून दाखवायचा. जे गळलं ते फळ्यावर लिहा.