लिगामेंट नवं घातलं, म्हणून गुडघा नवा होत नाही

“एसीएल तुटलं? लगेच ऑपरेशन करा. गुडघा नव्यासारखा होतो, पुढे झीज होत नाही, सहा महिन्यांत खेळायला मोकळे!” हा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड जोडणारा बंध, म्हणजेच लिगामेंट.

‘नव्यासारखा होतो.’ ज्या झटक्यात लिगामेंट तुटतं, त्याच झटक्यात मांडीचं आणि नडगीचं हाड एकमेकांवर आपटतं. एमआरआयमध्ये बहुतेकांच्या हाडाला आतून मुका मार दिसतो. वरची कूर्चा दबते, अनेकदा गादी म्हणजे मेनिस्कसही फाटतो. ऑपरेशनमध्ये त्या लिगामेंटच्या जागी बसवलेला नवा बंध, म्हणजे ग्राफ्ट, गुडघा निसटू देत नाही, पण हा मार तो पुसू शकत नाही.

‘झीज होत नाही.’ स्वीडनमध्ये एसीएल तुटलेल्या महिला फुटबॉलपटूंचे 12 वर्षांनी एक्स-रे काढले. सरासरी वय अवघं 31, आणि निम्म्या जणींच्या गुडघ्यात झीज! त्यांच्यापैकी बऱ्याच जणींचं ऑपरेशन झालेलं होतं. त्रासात ऑपरेशननं लक्षणीय फरक पडला नव्हता. झीज कितपत होणार हे बरंचसं गादी ठरवते. म्हणून डिस्चार्जच्या कागदावर ग्राफ्टआधी हे वाचा: गादी शिवली की कापली, आणि कापली तर किती? शिवल्यावर काही आठवडे कुबड्या आणि वाकवण्यावर बंधनं येतात. कटकट आहे, पण घाटा नाही.

‘लगेच करा.’ स्वीडनमध्येच 121 तरुणांवर चाचणी झाली. निम्म्यांचं लवकर ऑपरेशन, बाकीच्यांना आधी व्यायाम आणि गरज पडली तरच ऑपरेशन. पाच वर्षांनी त्रास आणि एक्स-रे, दोन्हींत ठळक फरक नव्हता. व्यायामवाल्यांपैकी निम्म्यांना ऑपरेशन लागलंच नाही. शिवाय सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर घाईनं ऑपरेशन केलं तर तो पुढेही आखडलेला राहण्याचा धोका वाढतो. मात्र फाटलेली गादी अडकून गुडघा लॉक झाला असेल किंवा तो वारंवार निसटत असेल, तर रेंगाळू नका. दर निसटण्यात गादी आणखी फाटू शकते.

‘सहा महिन्यांत मोकळे.’ ग्राफ्ट सर्वात नाजूक असतो तो साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, नेमका दुखणं थांबतं तेव्हा. गुडघा वळवावा लागतो अशा खेळांत नऊ महिन्यांआधी उतरणाऱ्यांना पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण जास्त दिसलंय. महिने भरले तरी मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान 90 टक्के हवी. त्यातही गोम अशी की बसून राहिल्यानं दुसरा पायही वाळलेला असतो; म्हणून त्याची ताकद ऑपरेशनआधीच मोजून ठेवावी.

ऑपरेशननंतर गुडघा पूर्ण सरळ होण्याबद्दल त्या मजकुरात अवाक्षर नाही. पलंगावर पालथं झोपा, गुडघ्याखालचे पाय कडेबाहेर सोडा आणि कुणाला तरी टाचा बघायला सांगा. एक टाच सेंटिमीटरभर वर असेल, तर तो गुडघा साधारण एक अंश कमी सरळ होतोय. तसं असेल तर पाठीवर झोपून त्या टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघा अधांतरी दहा मिनिटं. दिवसातून तीन-चार वेळा. काही आठवडे करूनही फरक नाही आणि सरळ करताना पुढून काही अडतं, खटका लागतो असं वाटलं, तर ग्राफ्टपुढे व्रणाची गाठ झालेली असू शकते. ती ताणून जात नाही, दुर्बिणीतून काढावी लागते.