हॅकरच्या पोटावर पाय देऊ नका

पासवर्ड '१२३४५६' असेल तर कृपा करून बदलू नका. त्याला परंपरा आहे. २००९ साली 'रॉकयू' कंपनीतून ३ कोटींहून जास्त पासवर्ड चोरीला गेले, तेव्हा त्यांत सर्वाधिक लाडका हाच निघाला. (कंपनीने ते सगळे जसेच्या तसे, उघड्या अक्षरांत साठवले होते. याला म्हणतात मनाचा मोकळेपणा.) आणि हाच पासवर्ड मेलला, बँकेला, फोटोंना, सगळीकडे लावा. एका ठिकाणचा फुटला की हॅकरचा प्रोग्राम तोच बाकीच्या ठिकाणी लावून बघतो. दर खात्याला निराळा पासवर्ड ठेवून त्याला हात हलवत परत पाठवणं बरं दिसत नाही. पासवर्ड मॅनेजर, ओटीपीची जादा पडताळणी, असली खटपट संशयी माणसांनी करावी. तुमचं मन स्वच्छ आहे.

लोक उगाच म्हणतात की हॅकर कुलूप फोडतो. बऱ्याचदा कडी आतून आपणच काढलेली असते. मे २०००मध्ये 'आय लव्ह यू' असा विषय असलेला मेल जगभर फिरला. सोबतच्या फाइलच्या नावाशेवटी 'टीएक्सटी' दिसत होतं, म्हणजे साधा मजकूर. त्यापुढचं 'व्हीबीएस' हे शेपूट विंडोज लपवून ठेवायचं, आणि खरी गोम त्या शेपटातच होती: ती चिठ्ठी नव्हती, प्रोग्राम होता. उघडला की तो फाइलींची नासाडी करायचा आणि आउटलुक या मेलच्या प्रोग्राममधल्या पत्त्यांच्या यादीतल्या प्रत्येकाला तेच प्रेम वाटत सुटायचा. आता ज्या साहेबाने जन्मात 'शाब्बास' म्हटलं नाही, त्याचं प्रेमपत्र आल्यावर न उघडण्याइतका संयम आणायचा कुठून? तेव्हा तुम्हीही उघडत चला. कुणी पाठवलंय ते फोन करून विचारणं म्हणजे अविश्वास.

रस्त्यात पेन ड्राइव्ह सापडला तर लगेच संगणकाला लावा. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या आवारात संशोधकांनी मुद्दाम २९७ पेन ड्राइव्ह टाकून पाहिले. त्यांतल्या निदान ४५ टक्क्यांवरच्या फाइली लोकांनी उघडल्या. विद्यापीठात शिकलेली माणसं चुकतील का?

अपडेटचा मात्र खरोखर जाच असतो. ऐन कामात चौकट उगवते, आणि तिच्यात 'नंतर आठवण करा' हे सोन्यासारखं बटण असतं. ते दाबत राहा. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक भोक बुजवणारा अपडेट दिला. असंख्य लोकांनी तुमच्यासारखाच समंजसपणा दाखवून तो पुढे ढकलला. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' आला. व्हायरसला निदान कुणीतरी फाइल उघडावी लागते, पण हा होता वर्म. त्याला तुमच्या बोटाचीही गरज नव्हती, भोक दिसलं की आपला आपण आत. सुमारे १५० देशांतले २ लाखांहून जास्त संगणक त्याने गाठले, फाइली कुलूपबंद केल्या आणि ३०० डॉलरचे बिटकॉइन मागितले. ब्रिटनमधल्या रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी, शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. पुढे एका तरुणाने त्या वर्मच्या पोटातला एक वेबपत्ता आपल्या नावे नोंदवला आणि पसरणं थांबलं. असे आगंतुक लोक असतातच. तुम्ही त्यांच्या भरवशावर राहा.

राहता राहिला बॅकअप, म्हणजे फाइलींची जादा प्रत. घेऊच नका. घेतलाच, तर ती हार्ड डिस्क कायम त्याच संगणकाला जोडून ठेवा. दोन्हींना एकाच फेरीत कुलूप लागतं, बिचाऱ्या हॅकरची दुसरी खेप वाचते. या धंद्याने फार हाल काढलेत हो. १९८९ साली खंडणीचा पहिला प्रोग्राम निघाला, तेव्हा सुमारे २०,००० फ्लॉपी टपालाने घरोघर पाठवाव्या लागल्या होत्या. मागणी १८९ डॉलरची, आणि तीही पनामातल्या टपालपेटीत येऊन पडेपर्यंत वाट बघायची. पाकिटं, तिकिटं, पत्ते, सगळा खर्च त्याच्याच अंगावर. आता निदान तिकिटांचे पैसे तरी वाचतात.