गुलाबी ऑक्टोबर अन् कापसाची वेचणी

ऑक्टोबरच्या शेवटाला आमच्या यवतमाळकडे बाई दिवसा घरी सापडत नाही. सोयाबीन सोंगून होत नाही तोच कापूस फुटतो. वेचाई किलोवर, जेवढा वेचला तेवढेच पैसे. नेमकं याच महिन्यात संस्थांचं स्तनाच्या कॅन्सरचं शिबिर येतं. मंडप, गुलाबी फिती, वेळ सकाळी अकराची. समोर बसतं कोण? शाळेच्या पोरी, अंगणवाडीताई अन् आम्ही मास्तरणी. ज्यांना तपासायचं त्या वावरात.

संस्थांची नियत वाईट नाही. पण जगाचा जागृती महिना ऑक्टोबर आहे म्हणून वेचणी थोडीच थांबते? माझं म्हणणं साधं आहे: शिबिर संक्रांतीनंतर घ्या. रथसप्तमीपर्यंत गावोगाव हळदीकुंकू असतं. बाया संध्याकाळी, न बोलावता, एकमेकींना सोबत घेऊन येतात. आत पुरुष नसतो. पडद्याआड एक खोली अन् प्रशिक्षण घेतलेली एक बाई एवढं पुरे.

तपासायला मॅमोग्राफीचं, म्हणजे स्तनाचा एक्स-रे काढणारं, मशीन लागतं असं कोणी म्हटलं तर त्यांना मुंबईचा अभ्यास दाखवा. टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांना घेऊन तो सुरू केला. अर्ध्या बायकांची छाती दर दोन वर्षांनी, असं चार वेळा, हाताने तपासली. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या. २०२१ मध्ये निकाल छापून आला: तपासलेल्या बायकांचा आजार लवकरच्या टप्प्यात सापडला, अन् पन्नाशी ओलांडलेल्यांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मृत्यूंचा तसा फरक दिसला नाही, हेही सांगितलं पाहिजे. तरी मला हे संशोधन मोलाचं वाटतं, कारण यातलं सगळं आमच्या उपकेंद्रात जमण्यासारखं आहे. मॅमोग्राफीच्या गाडीचा फोटो मात्र छान येतो, म्हणून देणगीदाराला गाडी आवडते.

तिशीपुढच्या प्रत्येक बाईची तपासणी व्हावी असा सरकारी कार्यक्रम आहेच. आशाताई फॉर्म भरतात. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी स्तनाची तपासणी कधीतरी झालेल्या शंभरात एकही भरली नाही.

खरी अडचण तर गाठ लागल्यावर सुरू होते. "दुखत नाही न मॅडम, मंग कायले जाऊ दवाखान्यात?" हे मी कितीदा ऐकलं. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही, हे भाषणात येतं, पण हातात माईक असलेल्याचं कोण ऐकतं? शेजारीण बोलली तर ऐकतात. दुसरी भीती गाठीचा नमुना काढायच्या सुईची. सुई टोचली की कॅन्सर पसरतो, असं चांगल्या शिकलेल्या घरांतही बोललं जातं. ते खरं नाही. अन् बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, पण ते तपासल्याशिवाय कळत नाही.

मग बाई मोठ्या दवाखान्यात जायची चिठ्ठी घेऊन घरी येते अन् चिठ्ठी डब्यात जाते. नागपूर किंवा सेवाग्रामला जायचं तर तिचा रोज बुडतो, सोबत येणाऱ्याचाही बुडतो. तिथे गेल्यावर कोणत्या खिडकीवर उभं राहायचं ते माहीत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत, पण रेशनकार्ड अन् आधार घरी राहिलं तर हेलपाटा.

शिबिराच्या अहवालात 'तपासलेल्या महिला' एवढाच आकडा असतो. गाठ लागलेल्यांपैकी किती जणी मोठ्या दवाखान्यात पोहोचल्या, मधेच कोणी सोडलं अन् का, हे कोणी मोजत नाही. संस्थेला संशोधनच करायचं असेल तर आधी हे करा. त्यासाठी प्रयोगशाळा नको, एक वही अन् महिन्याने पुन्हा त्याच दारात जाणारी बाई हवी.

या पोस्टखाली 'आम्ही काय मदत करू' असं विचारणाऱ्यांना आत्ताच सांगते: बॅनर छापू नका. सोबत जाणाऱ्या बाईचा बुडालेला रोज अन् एसटीचं भाडं द्या. तारीख जानेवारीची धरा.