न पिणाऱ्याचे परमिट

मी दारू पीत नाही. हे वाक्य मराठीत अवघ्या चार शब्दांचे आहे. परंतु गेल्या तीस वर्षांत नागपुरात मला ते एकदाही पूर्णविरामासह संपवता आलेले नाही. माझ्या तोंडून 'नाही' बाहेर पडण्याआधीच समोरचा 'काऊन बे?' असे विचारतो आणि तेथून माझी जी उलटतपासणी सुरू होते, ती पुढ्यातले शेंगदाणे संपेपर्यंत चालते.

खरे कारण अगदी साधे आहे. मला दारूची चव आवडत नाही. त्यामागे ना कुठले व्रत आहे, ना गांधीजी आहेत, ना यकृताचा अहवाल आहे. महाविद्यालयात असताना वसतिगृहाच्या गच्चीवर एक घोट घेतला होता. किराईताच्या काढ्यात कोणी गंजके खिळे उकळले असावेत असे वाटले आणि तो विषय माझ्यापुरता तेथेच मिटला. परंतु जगात आवडनिवड हे कारण फक्त भाजीच्या बाबतीत चालते. कारले आवडत नाही असे म्हणणाऱ्याला 'थोडे खाऊन तर पाहा, सवय होते' असे फक्त त्याची आई म्हणते. दारूच्या बाबतीत मात्र हे मातृहृदय प्रत्येक मित्राच्या छातीत धडधडू लागते.

म्हणून मी कारणांचा साठा बाळगतो. अँटिबायोटिकचे कारण पाच दिवस टिकते. संकष्टी महिन्यातून एकदाच येते. बायकोचे नाव सांगितले तर मान मिळत नाही, पण सुटका मिळते. सर्वांत भक्कम कारण म्हणजे गळ्यातील तुळशीची माळ. वारकऱ्याला नागपुरातच काय, उभ्या महाराष्ट्रात कोणी आग्रह करत नाही. परंतु ती माळ घातली की सावजीच्या रश्श्यालाही रामराम ठोकावा लागतो आणि एवढा मोठा त्याग करण्याइतका काही मी दारूच्या विरोधात नाही.

वर्षातील एकच महिना मी निर्धास्तपणे जगतो, तो म्हणजे श्रावण. आषाढातल्या अमावस्येला, जिला आमच्या घरात जिवती आणि घराबाहेर गटारी म्हणतात, सगळे मित्र महिनाभराची बेगमी एका रात्रीत करून टाकतात आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्यासारखेच होतात. पुढे पोळा येतो, बैल सजतात आणि माझे स्वातंत्र्य संपते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळ्या आणि पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघते व लोक गावावरची इडापिडा तिच्यासोबत घालवून देतात. त्या गर्दीत उभा राहून मी दरवर्षी 'घे ना जी थोडीशी म्हणणाऱ्यांना घेऊन जा गे मारबत' असे मनातल्या मनात म्हणतो. मारबत जाते, ते मात्र त्याच संध्याकाळी फोन करतात.

फोनवर 'दारू' हा शब्द कधीच येत नाही. 'बसायचं का?' असे विचारतात. मराठीत बसण्यासारखी निरुपद्रवी क्रिया दुसरी नसेल. पण संध्याकाळी सातनंतर पुरुषाने पुरुषाला हा प्रश्न केला, की तिचा अर्थ पार बदलतो. अशा बसण्यात मला तीन खाती सांभाळावी लागतात. पहिले, काकडीवर लिंबू पिळण्याचे. दुसरे, बिलाची वाटणी करण्याचे, कारण त्या वेळेपर्यंत भागाकार फक्त मलाच येत असतो. ही वाटणी समान होते. 'तू घेतली नाही हे खरं, पण चखना कोणी संपवला बे?' या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसते, कारण तो खरोखरच मी संपवलेला असतो. तिसरे खाते म्हणजे गाडी. एकाला मानेवाड्याला, दुसऱ्याला नंदनवनला आणि तिसऱ्याला, ज्याला आपण कुठे राहतो हे आठवत नसते, त्याला त्याच्या बायकोला फोन करून विचारून, पोहोचवावे लागते. एकदा रात्री पोलिसाने गाडी थांबवून माझ्या तोंडाला यंत्र लावले. यंत्राने शून्य दाखवले. त्याने मागच्या सीटवरच्या तिघांकडे पाहिले, पुन्हा माझ्याकडे पाहिले आणि काळजीच्या सुरात विचारले, 'तुम्ही नाही घेतली? तब्येत बरी नाही का जी?'

वास्तविक कायद्याच्या नजरेने पाहिल्यास आमच्या मित्रमंडळात पिण्यास सर्वांत लायक मीच आहे. 1949 चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात अजून लागू असल्यामुळे पिणाऱ्याकडे परवाना असणे अपेक्षित आहे. 'परमिट रूम' या पाटीतले परमिट ते हेच. विदेशी मद्यासाठी एक दिवसाचा परवाना पाच रुपयांना, देशीसाठी दोन रुपयांना आणि आजीवन परवाना हजार रुपयांना मिळतो. आमच्यातल्या एका उत्साही मित्राने सर्वांकडून छायाचित्रे व पैसे गोळा करून आजीवन परवाने काढण्याचे ठरवले. बाकीच्यांची कागदपत्रे कुठे ना कुठे अडकली आणि परवाना एकट्या माझा आला. आरोग्याच्या जतनासाठी मला मद्य आवश्यक आहे, या अर्थाचा मजकूर त्यावर आहे. तो मी पाकिटात आधार कार्डामागे ठेवतो. सरकारदरबारी मी आजन्म पिणारा आहे. फक्त ही बातमी अद्याप माझ्या जिभेपर्यंत पोहोचलेली नाही.

यात भर म्हणजे माझी सासुरवाडी वर्ध्याची. सेवाग्रामच्या पुण्याईने वर्धा जिल्ह्यात 1974 पासून दारूबंदी आहे आणि नागपूर तेथून पाऊणशे किलोमीटरवर आहे. या दोन गोष्टी एकत्र वाचल्या, की माझ्या मेहुण्याला नागपुरात दर पंधरवड्याला कोणते काम निघते हे समजते. 'भाऊजी, दवाखान्यात दाखवायचं होतं,' असे म्हणत तो येतो आणि दवाखाना बंद झाल्यावरच घराबाहेर पडतो.

माणूस इतक्यावरही निभावून नेईल. पण मी हिंगण्याच्या एका कारखान्यात निर्यात विभागात आहे आणि परदेशी पाहुण्यांच्या सरबराईचे काम माझ्याकडे आले, ते 'हा शुद्धीवर राहतो' या एकमेव गुणवत्तेवर. त्यामुळे न पिताच मला जगभरच्या पिण्याचे शास्त्र शिकावे लागले. जर्मन माणसासोबत पेला भिडवताना थेट डोळ्यांत पाहावे लागते. नजर चुकवली तर संसारसुखात सात वर्षे खोट येते, अशी त्यांच्यात समजूत आहे. टेबलावर आठ जण असतील तर प्रत्येकाने प्रत्येकाशी पेला भिडवण्याचे 28 प्रसंग होतात आणि त्यांतल्या सातांत मोसंबीच्या रसाचा पेला घेऊन मी परपुरुषाच्या डोळ्यांत खोलवर पाहत असतो. याची सवय झाली तोच एक हंगेरियन पाहुणा आला. मी उत्साहाने बिअरच्या पेल्याला माझा पेला भिडवायला गेलो आणि त्याने आपला पेला मागे घेतला. 1849 मध्ये ऑस्ट्रियाने तेरा हंगेरियन सेनानींना आराद येथे देहदंड दिला, तेव्हा विजेत्यांनी बिअरचे पेले भिडवून आनंद साजरा केला, आणि म्हणून पुढची दीडशे वर्षे बिअरचे पेले भिडवायचे नाहीत असा पण हंगेरियनांनी केला, असे तिकडे सांगतात. हिशेबाने तो पण 1999 मध्ये संपला. तरी पुष्कळांचा हात अजून मागे येतो. आमच्या मित्रांचे 31 डिसेंबरचे पण दीडशे तास टिकत नाहीत, ही गोष्ट मी त्याला सांगितली नाही.

कोरियन पाहुण्यांचे मला विशेष कौतुक वाटते. वडीलधाऱ्याने ओतले तर पेला दोन्ही हातांनी धरायचा आणि पिताना तोंड बाजूला वळवायचे, एवढी त्यांच्याकडे मोठ्यांची अदब आहे. अदब आपल्याकडेही आहे. फरक इतकाच, की आपला तरुण नुसते तोंड वळवत नाही, तर अख्खा देह वळवून गच्चीवर जातो, आणि तेथे त्याला कधी कधी त्याचे काका भेटतात. जपान्यांनी तर माझ्यासारख्यांचा प्रश्न जवळजवळ सोडवलाच आहे. तेथे आपला पेला आपण भरायचा नसतो. शेजाऱ्याने शेजाऱ्याचा भरायचा. पेला रिकामा दिसला तरच कोणी ओततो, म्हणजे भरलेला पेला समोर तसाच ठेवला की माणूस सुरक्षित. शिवाय न पिणारा तेथे सरळ ऊलोंग चहा मागवतो. मी एकदा वर्धा रोडवरच्या एका परमिट रूममध्ये चहा मागून पाहिला. वेटरने मालकाला बोलावले.

परंतु माझी खरी कसोटी लागली ती घरच्याच कार्यात. माझा भाचा जॉर्जियात, तिबिलिसीला सहा वर्षे राहून डॉक्टर झाला. गेल्या फेब्रुवारीत त्याचे लग्न झाले आणि त्याचा तिकडचा घरमालक, पासष्टीचा, भरघोस मिशांचा गृहस्थ, थेट नागपूरला आला. विमानतळावर चालते तेवढी, म्हणजे दोन लिटर, घरची वाइन त्याने सोबत आणली होती. लग्नानंतरच्या जेवणाला मी सर्वांना घरी बोलावले. एका बाजूला सावजी मटण, दुसऱ्या बाजूला ती वाइन, आणि बातमी लागल्यामुळे वर्ध्याहून तातडीने दवाखान्यासाठी आलेला मेहुणा.

जॉर्जियात मेजवानीला 'सुप्रा' म्हणतात आणि तिला 'तमादा' नावाचा सूत्रधार असतो. तो एकेका विषयावर भाषण करतो, त्यानंतर सर्वांनी प्यायचे. भाषणांच्या मध्ये आपल्या मनाने घोट घ्यायचा नाही. पाहुण्याने हे पद अर्थातच स्वतःकडे घेतले. पहिले भाषण शांततेवर झाले. ते नऊ मिनिटे चालले, भाच्याच्या भाषांतरासह अठरा. मेहुणा पेला हातात धरून बसला होता. आयुष्यात प्रथमच त्याच्यासमोर दारू होती, पोलीस नव्हते, बहिणीची परवानगी होती आणि तरी पिता येत नव्हते. दुसरे भाषण दिवंगतांसाठी होते. तेव्हा पाहुण्याने पोळीचा तुकडा घेतला, त्यावर वाइनचे थेंब सोडले आणि क्षणभर गप्प झाला. माझा गडचिरोलीकडचा गोंड सहकारी माझ्या शेजारी होता. तो मोहाची घेण्याआधी पहिले थेंब जमिनीवर पूर्वजांसाठी शिंपडतो, हे मी अनेकदा पाहिले होते. त्याने पाहुण्याकडे पाहिले, आपल्या पेल्यात बोट बुडवून फरशीवर थेंब टाकले आणि त्या दोघांत पुढे काहीही भाषांतर करावे लागले नाही. बायकोने फरशी पुसण्यासाठी उचललेले फडके परत ठेवले.

आता माझे गुपित सांगतो. ती वाइन पांढऱ्या द्राक्षांची असली तरी सालींसकट मुरवल्यामुळे तिचा रंग पिवळट नारिंगी होता, आणि माझ्या पेल्यात मृग बहाराच्या संत्र्यांचा रस होता. दोहोंचा रंग सारखा! तीस वर्षांत पहिल्यांदाच मी एका बैठकीत इतरांसारखा दिसत होतो. त्या आनंदात असतानाच पाहुण्याने माझ्याकडे हात करून 'अलावेर्दी' असे म्हटले. म्हणजे पुढचे, आईवडिलांवरचे भाषण माझे. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीवर मी अर्धा तास बोललेलो आहे. आईवडिलांवर अकरा मिनिटे बोलणे मला काय अवघड होते? मी बोललो. भाच्याला घाम फुटला, मेहुण्याच्या डोळ्यांत पाणी आले (ते तहानेचे असावे), आणि पाहुणा उठून म्हणाला, की तमादाने सर्वांबरोबर प्यावे पण त्याची जीभ अडखळू नये, आणि असा माणूस त्याला नागपुरात भेटला. त्याने मला कडकडून मिठी मारली. मिठीत माझा पेला त्याच्या मिशांखाली आला.

त्याने वास घेतला. मग चव घेतली. मग भाच्याला काहीतरी विचारले.

'मामा, ते विचारत आहेत, की वाइन का नाही?'

साठ्यातली सगळी कारणे माझ्या जिभेवर आली. पण इतक्या सुंदर भाषणानंतर खोटे बोलवेना. 'मला चव आवडत नाही,' मी म्हणालो.

टेबलावर शांतता पसरली. पाहुण्याने गंभीरपणे मान हलवली. चव हे खरे कारण आहे, असे तो म्हणाला; त्याचे वडीलही दुसऱ्याच्या घरची वाइन पीत नसत, कारण ती त्यांना आवडत नसे. मग त्याने माझा पेला उजेडात धरून विचारले, 'ही तुमच्या घरची किती दिवसांची?'

'आज सकाळची,' मी म्हणालो.

'अच्छा,' भाच्याने भाषांतर केले, 'म्हणजे अजून लहान आहे.'

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा पाहुणा मागच्या अंगणात आमच्या आजीच्या काळचा रांजण बोटांनी वाजवून पाहत होता. त्यांच्याकडे अंड्याच्या आकाराचे मातीचे मोठे भांडे, 'क्वेव्री', जमिनीत गळ्यापर्यंत पुरून त्यात वाइन मुरवतात. 2013 मध्ये युनेस्कोने या पद्धतीला मानवजातीचा अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून यादीत घेतले, आणि ती भूमी आठ हजार वर्षांपासून हे करत आली आहे. त्याच्या दृष्टीने इतकी संत्री, असा रांजण आणि पडीक अंगण असताना मी रस सकाळच्या सकाळी पिऊन टाकतो, हा आळस होता. पेरूच्या झाडाजवळची जागा त्याने पावलांनी मोजूनही ठेवली होती.

'याला परवानगी लागते म्हणा त्यांना,' स्वयंपाकघराच्या दारातून वर्ध्याची लेक म्हणाली.

'भाऊजींजवळ आहे ना परमिट! आजीवन आहे,' मेहुणा म्हणाला. तो त्या सकाळी कधी नव्हे इतका लवकर उठला होता.

'ते पिण्याचं आहे. पुरण्याचं नाही.'

पाकीट काढून मला परवाना दाखवावाच लागला. पाहुण्याने चष्मा लावून माझे छायाचित्र आणि मी यांची तुलना केली, आरोग्याची ओळ भाच्याकडून दोनदा समजून घेतली आणि रसाचा पेला उंच धरून तो 'गाउमार्जोस' म्हणाला. त्याला वाटले, सरकारनेच माझ्यासाठी टोस्ट लिहून दिला आहे. मग त्याने कुदळ मागितली. ती तोवर बायकोने शेजाऱ्यांकडे पोहोचवली होती.