विक्रोळीच्या कट्ट्यावर सासू आणि सून

रविवारी संध्याकाळी कन्नमवार नगरच्या आमच्या कट्ट्यावर विषय निघाला तो लिलियन कार्टर यांचा. विक्रोळीकरांना हा विषय कधी जुना होत नाही. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांची ही आई. १९६६ साली, वयाच्या ६८व्या वर्षी, पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या सेवासंस्थेची स्वयंसेविका म्हणून विक्रोळीत आली, गोदरेजच्या वसाहतीत राहिली, आधी कुटुंबनियोजनाच्या कामात आणि मग दवाखान्यात राबली, १९६८ साली परत गेली. तेव्हा मुलगा राष्ट्राध्यक्ष वगैरे कोणी नव्हता.

मास्तर म्हणाले, "सासूचं कौतुक आपण नेहमी करतो. मला विचाराल तर सुनेचं काम त्याहून मोठं आहे."

"रोझलिन ना?" वकील लगेच सरसावला. "मास्तर, तिला मत कोणी दिलं होतं? निवडून आला नवरा, आणि मंत्रिमंडळाच्या बैठकीत ही वही घेऊन बसायची. आपल्याकडे सरपंचबाईंच्या शेजारी नवरा खुर्ची टाकून बसतो, तेव्हा आपण काय बोलतो? मग इथे वेगळा न्याय का?"

प्रश्न बिनतोड होता. दोन मिनिटं कोणी बोललं नाही.

मास्तर म्हणाले, "सरपंचबाईंचा नवरा बाईंना बोलू देत नाही. रोझलिन मागे बसून टिपणं काढायच्या, बैठकीत तोंड उघडायच्या नाहीत. सरकार काय करतंय हे लोकांना सांगायचं तर आधी स्वतःला कळलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं."

"आणि १९७७चा दौरा?" वकील म्हणाला. "लॅटिन अमेरिकेतले सात देश, राष्ट्राध्यक्षांची दूत म्हणून! फिती कापायला नाही गेली, मानवी हक्कांवर आणि शस्त्रांवर बोलणी करायला गेली. तिथल्या लोकांनाही प्रश्न पडला की हिच्याशी कोणत्या नात्याने बोलायचं. आता कायदा ऐका. १९६७च्या कायद्याने तेव्हा तिकडे राष्ट्राध्यक्षाला नातेवाइकाची नेमणूक करता येत नव्हती. म्हणून तर मानसिक आरोग्याच्या आयोगावर तिला नुसती मानद अध्यक्ष केली."

"पद मानद असेल, काम मानद नव्हतं," मीनाताई म्हणाल्या. त्यांचं पोळीभाजी केंद्र कट्ट्याला लागूनच आहे, आणि रविवारी संध्याकाळी बंद असलं की त्या आमच्यात येऊन बसतात. "त्या गिरणीवालीचं सांगा ना यांना, मास्तर."

मास्तरांनी सांगितलं. जिमी कार्टर जॉर्जियाच्या गव्हर्नरपदासाठी उभे होते तेव्हाची गोष्ट. रोझलिन पहाटे साडेचारला एका कापड गिरणीच्या दारात प्रचाराला उभ्या होत्या. रात्रपाळी सुटली. एक थकलेली बाई बाहेर आली, अंगावर कापसाचे तंतू. आता घरी जाऊन झोपणार का, असं यांनी सहज विचारलं. बाई म्हणाली, झोप कसली, घरी मुलगी मनाच्या आजाराने आजारी आहे, नवऱ्याच्या पगारात खर्च भागत नाही म्हणून रात्री मी काम करते. दिवसभर ते बोलणं रोझलिन यांच्या डोक्यातून गेलं नाही. त्याच दिवशी नवऱ्याची सभा होती. लोक रांगेने हात मिळवत होते. ह्याही रांगेत जाऊन उभ्या राहिल्या आणि हात हातात आल्यावर विचारलं, गव्हर्नर झालात तर मनाच्या आजारी माणसांसाठी काय करणार?

गिरणी म्हटलं की आमच्या पिढीला परळ-लालबाग आठवतं. पाळी सुटल्यावर भोंग्याच्या आवाजात बाहेर पडणारी माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. त्यांच्यातल्या कोणाच्या घरी असं काही असेल, हा विचार मात्र मला तेव्हा कधी शिवला नव्हता.

"पण निघालं काय?" वकील सोडायला तयार नव्हता. "१९७९ला सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली, १९८०ला मानसिक आरोग्याचा कायदा झाला, निवडणूक हरले, आणि १९८१ला रेगन सरकारने त्या कायद्याचे पैसेच काढून घेतले. चार वर्षांची मेहनत एका वर्षात गेली. जे निवडून येत नाहीत त्यांचं असंच होतं. पाठीशी मत नसलं की काम टिकत नाही."

माझं आणि वकिलाचं खरं बिनसलं ते इथे. मी म्हटलं, तू १९८१ला पुस्तक मिटतोस. तेव्हा त्या ५३ वर्षांच्या होत्या. गेल्या ९६व्या वर्षी. व्हाइट हाउसमध्ये चार वर्षं, आणि त्यानंतर जवळपास ४३ वर्षं, कसलंही पद नसताना! अमेरिकेच्या माजी प्रथम महिलांत त्यांच्याहून जास्त जगल्या त्या फक्त बेस ट्रुमन, ९७ वर्षं. पण जगणं हा काही पराक्रम नाही. हरलेलं काम उरलेल्या आयुष्यात पुन्हा हातात घेणं, मला मोठं वाटतं ते हे. मानसिक आजारांविषयी पत्रकारांनी नीट लिहावं म्हणून १९९६ साली त्यांनी शिष्यवृत्त्या सुरू केल्या. आणि मनाच्या आजाराला विम्यात दुय्यम वागणूक देऊ नका, ही मागणी लावून धरली. तो कायदा २००८ला झाला. तेव्हा त्यांचं वय ८१.

वकील थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आपल्याकडे २०१७च्या कायद्यात विम्याचं ते कलम आलं. हे मान्य. पण मंत्रिमंडळाच्या बैठकीचं मला अजून पटलेलं नाही."

"नको पटू देऊस," मास्तर म्हणाले. "मालवलीला तरी त्या कुठल्या पदावर होत्या? २००६ साली लोणावळ्याजवळ मालवलीत गरिबांसाठी शंभर घरं बांधायची मोहीम होती. नवरा-बायको दोघं आले होते, हातात हत्यारं घेऊन. त्या ७९ वर्षांच्या होत्या."

मीनाताईंना वेगळंच बोलायचं होतं. "तुम्ही सगळे १९८१ची, २००८ची गोष्ट करताय. मला १९५३ची आवडते. नवरा नौदलात होता, फिरतीची नोकरी. पोरीने प्लेन्ससारखं लहान गाव सोडून कुठे कुठे संसार मांडला होता. सासरे वारले, आणि नवऱ्याने न विचारता ठरवून टाकलं की गावी परत जायचं, भुईमुगाचा धंदा सांभाळायचा. ही रडली, भांडली. गाडीत त्याच्याशी बोलली नाही, काही सांगायचं तर मोठ्या मुलाला सांगायची. पुढे त्याच धंद्याच्या हिशेबाच्या वह्या हिने घेतल्या आणि थोड्या वर्षांत धंद्यातलं नवऱ्याहून हिला जास्त कळायला लागलं. मंत्रिमंडळाच्या बैठकीतली वही तिथून आली, वकीलभाऊ. वह्या कोणाच्या हातात आहेत त्यावर घर चालतं, हे मला विचारा."

ताईंचा नवरा गेल्यापासून केंद्र त्या एकट्या चालवतात. वकिलाने मान हलवली.

शेखर इतका वेळ काही बोलला नव्हता. तो हल्ली कट्ट्यावर येतोच कमी. तो म्हणाला, "त्यांचं एक वाक्य माझ्या वाचनात आलं होतं. जगात चारच प्रकारची माणसं असतात. कोणाची तरी काळजी घेतलेली, आता घेत असलेली, पुढे घेणार असलेली, आणि ज्यांची काळजी दुसऱ्याला घ्यावी लागणार ती."

मास्तर म्हणाले, हो, घरच्या आजाऱ्याची सेवा करणाऱ्यांसाठी त्यांनी १९८७ साली संस्थाच काढली, त्या स्वतः शिकल्या त्याच कॉलेजच्या आवारात.

"वडील बारा-तेराव्या वर्षी गेले ना त्यांचे?" शेखरने विचारलं. "रक्ताच्या कर्करोगाने. आई शिवणकाम करायची, ही धाकट्यांना बघायची. म्हणजे तेव्हापासूनच. आणि शेवटी २०२३च्या मे महिन्यात घरच्यांनी जाहीर केलं की त्यांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, आहे. जिने आयुष्यभर यावर बोलावं तिलाच. घरच्यांनी लपवलं नाही, याचं मला फार बरं वाटलं. मी आप्पांचं दोन वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. तुम्हालासुद्धा नाही."

आप्पांना हल्ली शेखरचं नाव आठवत नाही. कधी त्याला ते भाऊ समजतात, कधी कंपनीतला जुना साहेब. आम्हाला कळलं ते ते एकदा घर चुकून टागोर नगरात सापडले तेव्हा.

रोझलिन त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला प्लेन्समधल्या राहत्या घरी गेल्या. लग्नाला ७७ वर्षं झाली होती. जिमी कार्टर स्वतः फेब्रुवारीपासून घरीच अखेरच्या काळातली शुश्रूषा घेत होते, तरी अंत्यविधीला चाकाच्या खुर्चीत बसून आले. त्या जन्मल्या तेव्हाही ते होते. बाळंतपणाला मदतीला लिलियनच होत्या, नर्स म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी तीन वर्षांच्याही नसलेल्या जिमीला त्यांनी बाळ दाखवायला नेलं होतं. हे मास्तरांनी सांगितलं तेव्हा मीनाताईंनी पदर डोळ्यांना लावला.

सात वाजत आले होते. आप्पांकडे बसणारी बाई सातला निघते, म्हणून शेखर उठला.

वकील पण उठला. "थांब, मी येतो. पत्ते आहेत ना घरी? आप्पा अजून रमी खेळतात का?"

"पानं लावता येत नाहीत. हातात धरून बसतात."

"मग धरून बसू दे," वकील म्हणाला, आणि दोघं इमारतीकडे चालायला लागले.