गिल्मर यांच्या गिटारी आणि त्यांच्याविषयीचा एक फिरता मजकूर

गिटार शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या मंडळींमध्ये गेली काही वर्षे एक मजकूर हातोहात फिरतो आहे. त्याचा आशय थोडक्यात असा : पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचे गिटारवादक डेव्हिड गिल्मर यांनी निवृत्त होताना पैशांसाठी आपल्या सगळ्या गिटारी विकून टाकल्या, त्यांत जगातली पहिली स्ट्रॅटोकास्टर (फेंडर कंपनीची प्रसिद्ध इलेक्ट्रिक गिटार, थोडक्यात ‘स्ट्रॅट’) होती, पिंक फ्लॉइडचे सगळे सोलो जिच्यावर वाजले ती 1969 ची अस्सल ‘ब्लॅक स्ट्रॅट’ही होती, तो सूर त्या जुन्या लाकडातच असल्यामुळे तिला चाळीस लाख डॉलर मिळाले, आणि आता ती एका धनाढ्याच्या तिजोरीत कायमची बंद झाली आहे. माझ्याकडे गिटार शिकायला येणारी मुले हे सारे प्रमाण मानून बोलतात, म्हणून याचे सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

आधी जे निर्विवाद आहे ते सांगतो. 20 जून 2019 रोजी न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टीज या लिलावसंस्थेने गिल्मर यांच्या सव्वाशेच्या आसपास गिटारी विक्रीस काढल्या. त्याआधी त्या लंडन, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क येथे लोकांना पाहण्यासाठी मांडल्या होत्या. एकही गिटार विक्रीवाचून राहिली नाही आणि एकूण रक्कम 2 कोटी 14 लाख 90 हजार 750 डॉलर झाली. ब्लॅक स्ट्रॅट 39 लाख 75 हजार डॉलरला गेली आणि त्या दिवसापुरता तरी गिटारीच्या लिलावाचा जागतिक विक्रम झाला. वर्षभरातच, जून 2020 मध्ये, निर्वाणा बँडचे कर्ट कोबेन यांच्या मार्टिन डी-18ई या गिटारीला साठ लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळाली आणि तो विक्रम मोडला. ‘चाळीस लाख’ हा आकडा तेवढा जवळपास बरोबर आहे. बाकीची विधाने एकेक करून तपासली पाहिजेत.

पहिली स्ट्रॅटोकास्टर हा मुद्दा आधी घेतो, कारण यात गैरसमज कसा झाला हे समजण्यासारखे आहे. गिल्मर यांच्या संग्रहात 1954 ची एक पांढरट स्ट्रॅटोकास्टर होती. तिचा पिकगार्ड (तारांखालचे संरक्षक आवरण) सोनेरी, धातूचे भाग सोन्याचा मुलामा दिलेले, आणि मागच्या पट्टीवर क्रमांक कोरलेला : 0001. लिलावात तिला 18 लाख 15 हजार डॉलर आले. क्रमांक एक म्हणजे पहिली, हा तर्क कोणीही करेल. पण त्या काळी फेंडरच्या कारखान्यात हा क्रमांक गिटारीच्या लाकडावर नसे, तो नेक (बोटे फिरतात तो लांब दांडा) आणि बॉडी (गिटारीचे धड) जोडणाऱ्या लहानशा धातूच्या पट्टीवर असे. माझ्या साध्याशा, स्ट्रॅटच्या धर्तीवर बनवलेल्या गिटारीचा नेक मी एकदा बदलला, तेव्हा चार स्क्रू काढताच ती पट्टी तळहातावर आली. बिस्किटाएवढा तो चौकोनी तुकडा दुसऱ्या कोणत्याही गिटारीला तितक्याच सहज लागला असता. फेंडरचे कामगार या पट्ट्या क्रमाने लावत नसत. हाताला येईल ती पट्टी लागत असे. म्हणून त्या काळातल्या फेंडर गिटारींचा जाणकार मागच्या क्रमांकाकडे फारसा पाहत नाही. तो नेक उतरवून त्याच्या टोकाला पेन्सिलीने लिहिलेली तारीख शोधतो. 0001 च्या नेकवर जून 1954 आणि बॉडीवर सप्टेंबर 1954 अशी नोंद आहे, आणि स्ट्रॅटोकास्टर त्याच्या काही महिने आधीपासूनच तयार होऊ लागल्या होत्या. म्हणजे ती अगदी सुरुवातीच्या गिटारींपैकी एक आहे, एखाद्या खास प्रसंगासाठी सजवलेली असावी असे तिच्या रूपावरून वाटते, पण ‘पहिली’ म्हणण्यास आधार नाही. ती पिकअप (तारांचे कंपन विद्युत संकेतात बदलणारा भाग) बनवणारे प्रसिद्ध कारागीर सेमोर डंकन यांच्याकडून गिल्मर यांचे तंत्रज्ञ फिल टेलर यांच्याकडे आली आणि 1978 मध्ये टेलर यांच्याकडून गिल्मर यांनी ती घेतली. इतका स्पष्ट मालकीहक्काचा माग असलेली गिटार दुर्मीळच, आणि माझ्या मते तिचे मोल त्या चार आकड्यांपेक्षा या मागातच अधिक आहे.

‘1969 ची अस्सल ब्लॅक स्ट्रॅट’ या शब्दांवर मला सगळ्यांत जास्त वेळ द्यायचा आहे. वाद्य म्हणजे काय, याविषयीची एक चुकीची कल्पना या शब्दांत दडलेली आहे.

ही गिटार गिल्मर यांनी मे 1970 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनीज या दुकानातून घेतली. त्याआधी काहीच आठवडे त्याच दुकानातून घेतलेली दुसरी एक काळी स्ट्रॅट अमेरिकेच्या दौऱ्यात चोरीला गेली होती. ही तिच्या जागी आली. मुळात हिचा रंगही काळा नव्हता. कारखान्यात आधी सनबर्स्ट, म्हणजे मधोमध पिवळसर आणि कडेला गडद होत जाणारा रंग दिलेला होता आणि त्यावर काळा फवारला होता. पुढे 1972 मध्ये गिल्मर यांनी तिचा मेपलचा मूळ नेक उतरवून 1963 च्या एका स्ट्रॅटचा रोझवूडच्या फ्रेटबोर्डचा (तारा दाबण्याच्या पट्टीचा) नेक बसवला. 1974 मध्ये पांढरा पिकगार्ड जाऊन काळा आला आणि आज आपण ओळखतो ते तिचे रूप तयार झाले. 1976 मध्ये ब्रिजजवळचा (घोडीजवळचा) पिकअप बदलून डिमार्झिओ कंपनीचा बसवला, 1979 मध्ये तोही काढून सेमोर डंकन यांचा आला. 1978 मध्ये शार्व्हेल कंपनीचा मेपल नेक लागला. मधल्या काळात एक जादा स्विच आला, सॉकेटसाठी भोक पाडून ते पुन्हा बुजवले गेले, ट्रेमोलोची (तारा सैल-ताण करून स्वर हलवणाऱ्या यंत्रणेची) दांडी आखूड झाली, 1983 च्या सुमारास संपूर्ण ट्रेमोलोच बदलून काहलर कंपनीचा बसवला आणि कालांतराने तोही निघून जुन्या पद्धतीचा परत आला. लिलावाच्या दिवशी तिच्यावर जो नेक होता तो 1983 चा, म्हणजे फेंडरने 1957 च्या नमुन्याबरहुकूम नव्याने काढलेल्या मालिकेतला होता.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. 1975 मधील ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ची ती प्रसिद्ध चार स्वरांची सुरावट रोझवूडच्या नेकवर वाजली आणि 1979 मधील ‘कम्फर्टेबली नम’चा सोलो शार्व्हेलच्या मेपल नेकवर वाजला. बॉडी तीच होती, पण डाव्या हाताची बोटे ज्यावर फिरली तो भाग वेगळा होता, आणि विकल्या गेलेल्या गिटारीवर या दोन्हींपैकी एकही नेक नव्हता. खरेदीदाराची यात कोणतीही फसवणूक नव्हती, कारण लिलावाच्या सूचीत हे सगळे लिहिलेले होते. फिल टेलर हे 1974 मध्ये गिल्मर यांच्याबरोबर काम करू लागले आणि त्यांनी या एका गिटारीचा इतिहास पुस्तकरूपाने लिहून ठेवला आहे. त्यामुळे कोणता भाग कधी आला हे जितके या वाद्याविषयी ठाऊक आहे तितके क्वचितच दुसऱ्या कोणत्या गिटारीविषयी ठाऊक असेल. आपल्याकडे तंबोऱ्याची जवारी वेळोवेळी काढून घ्यावी लागते, आणि त्यामुळे तंबोरा अस्सल उरत नाही असे कोणी गवई म्हणत नाही. ब्लॅक स्ट्रॅट हे रोज राबणाऱ्या वादकाचे वाद्य होते. तिला जपून ठेवलेली पुराणवस्तू म्हणणे म्हणजे गिल्मर यांनी तिच्यावर तेरा-चौदा वर्षे केलेली सगळी मेहनत पुसून टाकणे आहे.

‘सगळे सोलो याच गिटारीवर’ हे विधान तर लिलावाच्या सूचीनेच खोडून काढले आहे. ‘अनदर ब्रिक इन द वॉल’च्या दुसऱ्या भागाचे उदाहरण घ्या. त्यातला तो ठेका धरणारा, तुटक-तुटक वाजणारा भाग 0001 वर वाजला आणि शेवटचा सोलो 1955 च्या सोनेरी गिब्सन लेस पॉलवर. त्या लेस पॉलला लिलावात 4 लाख 47 हजार डॉलर आले. ‘विश यू वेअर हिअर’च्या सुरुवातीला दोन अकूस्टिक गिटारी एकमेकींशी बोलल्यासारख्या ऐकू येतात. त्यांपैकी रेडिओवरून आल्यासारखी वाजणारी ती बारा तारांची मार्टिन, आणि तिच्यावर सोलो वाजवणारी ती मार्टिन डी-35. ही डी-35 गिल्मर यांनी 1971 मध्ये मॅनीजच्या दारातच, रस्त्यावर भेटलेल्या एका माणसाकडून विकत घेतली होती. तिचा अंदाज 10 ते 20 हजार डॉलर होता आणि ती 10 लाख 95 हजारांना गेली. 1987 ते 1994 या काळातल्या दौऱ्यांत आणि ध्वनिमुद्रणांत तर ब्लॅक स्ट्रॅट नव्हतीच. 1986 पासून 1997 पर्यंत ती डल्लासच्या हार्ड रॉक कॅफेमध्ये काचेआड होती, आणि 1994 च्या ‘पल्स’ मैफलींत जी लाल स्ट्रॅट दिसते ती 1984 ची, ईएमजी कंपनीच्या वेगळ्या पिकअपची गिटार आहे. ब्लॅक स्ट्रॅट पुन्हा मोठ्या मंचावर आली ती 2 जुलै 2005 रोजी, लंडनच्या हाइड पार्कमधील लाइव्ह एट कार्यक्रमात.

सूर जुन्या लाकडात असतो, या समजुतीचे उत्तर खरे तर वर येऊनच गेले आहे. लाकडाचा, वजनाचा, तारांचा परिणाम होतो हे मी नाकारत नाही. पण त्या काळच्या गिल्मर यांच्या आवाजाचा फार मोठा वाटा हायवॉटचे शंभर वॅटचे अ‍ॅम्प, आवाज खरखरीत करणारे बिग मफ पेडल, बिनसनचे इको यंत्र आणि फिरत्या स्पीकरांची जोड यांचा आहे. त्याहूनही मोठा वाटा तार ओढून वर नेताना ती नेमक्या स्वरावर नेऊन थांबवण्याच्या त्यांच्या सवयीचा आहे. त्यासाठी लागणारा कान आणि बोटांतली ताकद लिलावात मिळत नाही. ब्लॅक स्ट्रॅटचा अंदाज 1 ते दीड लाख डॉलर होता; प्रत्यक्षात किंमत त्याच्या पंचवीस पटींहून वर गेली ती त्या गिटारीवर काय वाजले होते आणि कोणी वाजवले होते यामुळे. केवळ 1969 ची, लाकडाने तितकीच जुनी असलेली स्ट्रॅट याच्या जवळपासही जात नाही.

पैशांसाठी विकल्या, हा आरोप मात्र मला मनापासून खटकतो. लिलावाच्या वेळीच गिल्मर यांनी सांगितले होते की, सगळे उत्पन्न ‘क्लायंटअर्थ’ या संस्थेला जाईल. ही संस्था कायद्याच्या मार्गाने, म्हणजे सरकारांना आणि कंपन्यांना न्यायालयात खेचून, पर्यावरणासाठी लढते. हवामानबदल हे मानवजातीपुढचे सर्वांत मोठे आव्हान असल्याची आपली भूमिका गिल्मर यांनी त्या वेळी जाहीरपणे मांडली होती. हा काही त्यांचा पहिला दानाचा प्रसंगही नव्हता. 2003 च्या सुमारास त्यांनी लंडनच्या लिटल व्हेनिस भागातील आपले घर विकून आलेले 36 लाख पौंड ‘क्रायसिस’ या बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थेला दिले होते. ज्याने स्वतःकडे एक पैही न ठेवता वाद्ये दिली, त्याच्या नावाने ‘पैशांसाठी’ हा शब्द लिहिण्यापूर्वी कोणीतरी एकदा तरी शहानिशा करायला हवी होती. ‘सगळ्या’ हेही खरे नाही. काही मोजक्या गिटारी त्यांनी स्वतःजवळ ठेवल्या.

तिजोरीचा मुद्दा उरतो, आणि त्यात थोडे तथ्य आहे हे मी मोकळेपणाने मान्य करतो. अशा वाद्यांच्या किमती लाखो डॉलरांत गेल्या की ती वाजवणाऱ्यांच्या हातून निसटतात आणि संग्राहकांच्या भिंतीवर जातात; या प्रवाहाची मलाही चिंता वाटते. परंतु ब्लॅक स्ट्रॅटच्या बाबतीत प्रत्यक्षात तसे घडले नाही. ती इंडियानापोलिस कोल्ट्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे मालक जिम इर्से यांनी घेतली. डी-35 ही त्यांनीच घेतली. मे 2025 मध्ये इर्से यांचे निधन झाले. त्याआधी त्यांनी आपला संग्रह न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को अशा शहरांत नेऊन विनामूल्य प्रदर्शने भरवली आणि त्या प्रदर्शनांबरोबर मैफलीही केल्या. गिल्मर यांच्याकडे असताना ही गिटार बहुतेकदा मैफलीत लांबूनच दिसत असे. इर्से यांच्या प्रदर्शनात एखाद्या शाळकरी मुलालाही काचेला नाक लावून तिच्या काळ्या रंगाखालचा सनबर्स्ट शोधता येत होता.

निवृत्तीविषयी दोन वाक्ये पुरेत. एप्रिल 2022 मध्ये युक्रेनच्या मदतीसाठी पिंक फ्लॉइडच्या नावाने काढलेल्या गाण्यात गिल्मर यांनी गिटार वाजवली. सप्टेंबर 2024 मध्ये त्यांचा ‘लक अँड स्ट्रेंज’ हा नवा अल्बम आला, ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, आणि लगेच रोमच्या सर्कस मॅक्सिमसपासून सुरू झालेल्या मैफलींत, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी ‘कम्फर्टेबली नम’चा सोलो त्या विकलेल्या गिटारीच्या फेंडरने बनवलेल्या प्रतिकृतीवर वाजवला.