साखर १६८ की १४१? आमच्या काउंटरवरच्या तक्रारीला उत्तर

राम राम भाऊ. तुमचं म्हणणं असं, की नाश्ता करून आमच्या जळगावच्या मॉलमधल्या औषधांच्या काउंटरवर ३० रुपयांत साखर तपासली ती १६८ आली, तासाभरानं बाहेरच्या लॅबमध्ये १४१. म्हणजे आमचं मशीन खोटं. वर सेफिक्झिम ही अँटिबायोटिक गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय दिली नाही, तेव्हा किराणावाल्यानं किराणाच विकावा.

खाल्ल्यानंतर बोटाच्या रक्तातली साखर शिरेतल्यापेक्षा जास्त असते. उपाशीपोटी हा फरक फारसा नसतो. त्यात मधे तास गेला, तेवढ्यात ती उतरायलाही लागते. शिवाय ग्लुकोमीटरच्या आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकात १०० च्या पुढे १५ टक्के कमी-जास्त चालतं. खरी साखर १५० असली, तर १२८ ते १७२ मधलं काहीही दिसू शकतं. लॅबकडेही एक गोष्ट बघत जा: राखाडी बुचाची, म्हणजे फ्लोराइडची नळी. साध्या नळीत रक्त तसंच पडून राहिलं, तर रक्तातल्या पेशीच तासाला ५ ते ७ टक्के साखर संपवतात.

पण सगळ्यात जास्त फसवतं ते बोट. केळी चाचपायची, गुळाची ढेप उचलून बघायची आणि तसंच काउंटरवर बोट पुढं करायचं, हे रोज चालतं. बोटाला लागलेली साखर थेंबात उतरते आणि आकडा फुगतो. स्पिरिटचा बोळा फिरवून ती पुरती जात नाही. साबण-पाण्यानंच धुवावं लागतं, आणि मग बोट पूर्ण कोरडं करावं लागतं. ओलं राहिलं किंवा दाबून-पिळून थेंब काढला, तर रक्त पातळ होऊन आकडा उलट कमी येतो. टोचायचं बोटाच्या कडेला, दुखतंही कमी. घरी मशीन असेल तर पट्ट्यांची डबी आपल्याकडच्या मे महिन्यात गाडीत ठेवू नका. बहुतेक डब्यांवर ३० अंशांची मर्यादा छापलेली असते.

बोटाच्या तपासणीवर मधुमेह आहे की नाही हे ठरवू नका. ८ तास उपाशी राहून (पाणी चालतं) शिरेतून रक्त द्या. १२६ किंवा वर, नाहीतर एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेची तपासणी) ६.५ टक्के किंवा वर आलं, तर रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा. १०० ते १२५ आली तरी दाखवाच.

आता सेफिक्झिम. हे औषध शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. रुग्ण, डॉक्टर, औषध आणि नग यांची नोंद करून फार्मासिस्टला ते रजिस्टर ३ वर्षं जपावं लागतं. चिठ्ठीच नाही तर डॉक्टरच्या रकान्यात काय लिहायचं? कोपऱ्यावरचं मेडिकल देत असेलही. आमच्याकडे मिळणार नाही, तुम्ही एक स्टार द्या की पाच. साधी सर्दी बहुतेक वेळा विषाणूची असते, तिला ही गोळी लागूच पडत नाही. पॅरासिटामॉल हवी असेल तर ती चिठ्ठीशिवाय मिळते.